हाडांचे चित्र, मूत्रपिंडांची कामगिरी

अस्थिचित्रणासाठी, म्हणजे ज्याला रुग्णालयात सगळेच बोन स्कॅन म्हणतात त्या तपासणीसाठी, आलेल्या माणसाला पहिली सूचना मिळते ती हाडांविषयीची नसतेच. कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेत एक लहानसे इंजेक्शन दिले जाते. सिरिंजभोवती शिशाचे किंवा टंग्स्टनचे जाड आवरण असते, एवढाच काय तो वेगळेपणा. मग सांगितले जाते : आता तीन तास बाहेर बसा, भरपूर पाणी प्या, लघवी अडवून ठेवू नका आणि चित्र काढण्याआधी पुन्हा एकदा जाऊन या. सोबत आलेले नातेवाईक चक्रावतात. तपासणी हाडांची आहे की मूत्रपिंडांची? प्रश्न रास्त आहे. तपासणी हाडांचीच आहे. पण चित्र स्पष्ट होते ते मूत्रपिंडांमुळे. द्रव्य हाडांत पोहोचण्याचे काम पहिल्या तासाभरात बहुतांशी उरकलेले असते. पुढचे दोन तास मूत्रपिंडांसाठी राखून ठेवलेले असतात.

ट्रेसर या शब्दासाठी प्रस्तुत लेखात ‘मागद्रव्य’ असा शब्द योजला आहे. चोराचा माग काढणाऱ्याला चोर दिसत नाही, त्याची पावले दिसतात. त्याप्रमाणे येथे शरीरात काय चालले आहे हे प्रत्यक्ष दिसत नाही, एका द्रव्याच्या वाटचालीवरून ते कळते. अशा द्रव्याचे बहुधा दोन भाग असतात. एक भाग वाहक रेणूचा. कोठे जायचे हे तो ठरवतो. दुसरा किरणोत्सारी अणूचा. आपण कोठे आहोत हे तो गॅमा किरणांच्या द्वारे बाहेर कळवतो. या द्रव्याचे प्रमाण इतके अल्प असते की, शरीराच्या चालू व्यवहारात त्यामुळे ढवळाढवळ होत नाही. अस्थिचित्रणासाठी प्रौढ व्यक्तीला सामान्यतः ७४० मेगाबेकरेल, जुन्या एककात २० मिलिक्युरी, इतकी मात्रा देतात. तीत दर सेकंदाला ७४ कोटी अणूंचे विघटन होत असते. तरीही त्या किरणोत्सारी अणूंचे एकत्रित वजन अवघे ४ नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमच्या चार अब्जांश भागांइतके, भरते.

या तंत्राचा उगम हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांच्या कार्यात आहे. १९२३ मध्ये त्यांनी शिशाच्या किरणोत्सारी समस्थानिकाच्या साहाय्याने वालासारख्या एका कडधान्याच्या रोपांत शिसे कसे शोषले जाते व कोठे जाते, ते शोधून काढले. पुढे १९३५ मध्ये कोपनहेगन येथे क्हीवित्झ या सहकाऱ्यासह त्यांनी उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस खाऊ घातला. त्यावरून निघालेला निष्कर्ष त्या काळी धक्कादायक होता. हाड ही एकदा घडली की तशीच राहणारी वस्तू नव्हे. तिच्यातील फॉस्फरसचे अणू सतत बाहेर पडत असतात आणि नवे आत येत असतात. उंदराच्या शरीरात फॉस्फरसच्या अणूचा सरासरी मुक्काम सुमारे दोन महिन्यांचा असतो, असे त्यांनी दाखवले. हेवेशींना १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अस्थिचित्रणाची सारी इमारत या एका निरीक्षणावर उभी आहे. हाड जर खरोखरच दगडासारखे जड व निष्क्रिय असते, तर कोणतेही मागद्रव्य त्यात शिरलेच नसते.

हाडाचे खनिज हे मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइट या प्रकारचे असते आणि त्याचे घटक तीन : कॅल्शियम, फॉस्फेट व हायड्रॉक्सिल. हाडात शिरण्याचे दरवाजेही तेवढेच, आणि अस्थिगामी मागद्रव्यांचे वर्गीकरण त्यांवरूनच करणे सोयीचे ठरते. कॅल्शियमच्या दरवाजाने स्ट्राँशियम व रेडियम आत जातात. १९६०च्या दशकाच्या आरंभी स्ट्राँशियम-८५ वापरून हाडांची चित्रे काढली जात. परंतु त्याचे अर्धायुष्य ६५ दिवसांचे असल्याने मात्रा फारच कमी द्यावी लागे आणि चित्रही धूसर येई. हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लुओराइड बसू शकते. म्हणून १९६२ मध्ये फ्लुओरीन-१८ पुढे आले. हाडात शिरण्याच्या बाबतीत ते आजही अव्वल आहे. मात्र त्याचे अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटांचे असल्यामुळे ते जवळपासच्या सायक्लोट्रॉनमधूनच मिळवावे लागते. तिसरा दरवाजा फॉस्फेटचा. रोजच्या व्यवहारात आज वापरली जाणारी बहुसंख्य द्रव्ये याच दाराने जातात.

या तिसऱ्या वर्गातील किरणोत्सारी अणू म्हणजे टेक्नेशियम-९९एम. मूलद्रव्य क्रमांक ४३ ही आवर्तसारणीतील रिकामी जागा १९३७ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे कार्लो पेरिए व एमिलिओ सेग्रे यांनी भरून काढली. त्यासाठी लागलेली मॉलिब्डेनमची पट्टी अमेरिकेतील बर्कली येथून अर्नेस्ट लॉरेन्स यांनी चक्क टपालाने पाठवली होती. सायक्लोट्रॉनमध्ये माऱ्याखाली राहिलेला तो टाकाऊ भाग होता. मानवाने कृत्रिम रीत्या मिळवलेले हे पहिले मूलद्रव्य असल्याने त्याचे नावही ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवले गेले. पुढच्याच वर्षी सेग्रे व ग्लेन सीबॉर्ग यांना त्याचे ९९एम हे रूप आढळले. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे आणि गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. सहा तास हा अवधी चित्र काढण्यास पुरेसा आणि शरीरातून नाहीसे होण्यासही अनुकूल; ऊर्जाही अशी की, किरण शरीराबाहेर सहज येतात, पण कॅमेऱ्यातील स्फटिकाला ते अडवता येतात.

सहा तासांत निम्मे होणारे द्रव्य दूरच्या रुग्णालयांना पुरवायचे कसे, हा पेच अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेने १९५०च्या दशकाच्या अखेरीस सोडवला. तेथील वॉल्टर टकर व मार्गारेट ग्रीन यांनी ६६ तास अर्धायुष्य असलेले मॉलिब्डेनम-९९ ॲल्युमिनाच्या स्तंभावर बसवले. त्यात सतत टेक्नेशियम तयार होत राहते आणि मिठाच्या पाण्याने ते धुऊन काढता येते. या जनित्राला तंत्रज्ञ मंडळी गाय म्हणतात आणि सकाळी टेक्नेशियम काढण्याला दोहणे. उपमा चपखल आहे. सायंकाळपर्यंत कास पुन्हा बऱ्यापैकी भरते. या शोधाला बाजारपेठ मिळेल असे वाटत नसल्याने त्याचे पेटंट घेण्याचा विचार तेव्हा सोडून देण्यात आला. आज जगभर दरवर्षी कोट्यवधी तपासण्यांत टेक्नेशियम वापरले जाते, हे ध्यानी घेता तो निर्णय मोठाच मासलेवाईक म्हणावा लागेल.

वाहक रेणूची कथा मात्र चक्क पाण्याच्या क्षारांपासून सुरू होते. गिझरच्या नळीत किंवा चहाच्या किटलीत जो पांढरा थर धरतो, तो धरू नये म्हणून पाण्यात अल्प प्रमाणात बहुफॉस्फेटे मिसळण्याची रीत कारखान्यांत जुनी आहे. फॉस्फेटांची ही साखळी कॅल्शियमच्या स्फटिकाला चिकटते आणि त्याची वाढ रोखते. स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट फ्लाइश व त्यांचे सहकारी यांना १९६०च्या दशकात आढळले की, तशाच जातीचे पायरोफॉस्फेट आपल्या रक्तात व मूत्रातही असते आणि नको तेथे कॅल्शियम साचू न देण्याचे काम ते करते. परंतु ते मुद्दाम बाहेरून दिल्यास शरीरातील विकरे त्याचा फॉस्फरस-ऑक्सिजन-फॉस्फरस हा बंध लगेच तोडतात. म्हणून मधल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन बसवलेली द्विफॉस्फोनेटे वापरून पाहण्यात आली. हा बंध विकरांना तुटत नाही आणि स्फटिकाला चिकटण्याचा गुण तेवढाच राहतो. हाडांच्या ठिसूळपणावरील आजची कितीतरी औषधे याच घराण्यातली आहेत.

स्फटिकाला चिकटणाऱ्या या रेणूच्या पाठीवर टेक्नेशियम बसवले तर हाड आपोआप उजळेल, हे ओघानेच आले. ते प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे काम करणारे भारतीय वंशाचे गोपाल सुब्रमण्यन आणि जॉन मॅकॅफी यांना जाते. १९७१ मध्ये त्यांनी टेक्नेशियमयुक्त बहुफॉस्फेट सादर केले आणि १९७५ मध्ये सुब्रमण्यन व सहकाऱ्यांनी मिथिलीन डायफॉस्फोनेट, म्हणजे सर्वतोमुखी असलेले एमडीपी, पुढे आणले. त्यानंतर इतरही रूपे आली, पण एमडीपीचे स्थान जवळपास पन्नास वर्षे अढळ आहे. रुग्णालयात ते कोरड्या पावडरीच्या लहान कुपीत येते. त्यात कथिलाचे एक संयुग घातलेले असते. टेक्नेशियमचे रासायनिक रूप बदलून ते एमडीपीशी जोडण्याचे काम ते संयुग करते. कुपीत हवा शिरली की कथिल निकामी होते, आणि त्याचा परिणाम पुढे पाहू.

आता प्रत्यक्ष वाटचाल. शिरेत सोडलेले द्रव्य उजव्या हृदयातून फुप्फुसांत, तेथून डाव्या हृदयात आणि महारोहिणीतून सर्वत्र जाते. शरीरातील सुमारे पाच लिटर रक्त विश्रांत अवस्थेत एका मिनिटाच्या आसपास एक फेरी पुरी करते. त्यामुळे मिनिटभरात द्रव्य टाचेपासून टाळूपर्यंत पोहोचलेले असते. दुखऱ्या भागावर कॅमेरा ठेवून हे पहिले मिनिट टिपले, तर तेथील रक्तप्रवाहाची कल्पना येते. त्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत काढलेले चित्र रक्ताच्या साठ्याचे आणि दोन ते चार तासांनी काढलेले चित्र हाडाचे. ही त्रिचरण पद्धती जंतुसंसर्ग किंवा पावलातील सूक्ष्म अस्थिभंग ओळखण्यास उपयोगी पडते.

एमडीपीचा रेणू लहान आहे. तो केशिकांच्या भिंतींतून पाझरून पेशींभोवतालच्या द्रवात जातो. स्नायूंत, त्वचेखाली, सगळीकडे. हाडाभोवतीच्या द्रवातून तो खनिजाच्या पृष्ठभागाशी पोहोचतो आणि तेथे चिकटतो. अन्य ठिकाणचा मात्र पुन्हा रक्तात परततो. नवे खनिज जेथे साचत असते तेथे स्फटिक कोवळे असतात आणि पृष्ठभाग विस्तीर्ण. म्हणून अस्थिजनक पेशींचे काम जेथे जोरात चालू असते, तेथे द्रव्य अधिक जमते. लहान मुलांच्या हाडांची वाढणारी टोके त्यामुळे काळीभोर दिसतात, आणि भरून येणारे मोडलेले हाडही. याउलट बहुमज्जार्बुदात हाड नुसते पोखरले जाते, नवे बनत नाही. तेथे ही तपासणी बऱ्याचदा फसते. अस्थिचित्र हे व्याधीचे चित्र नसते. व्याधीला हाडाने दिलेल्या प्रत्युत्तराचे ते चित्र असते.

रक्तातील द्रव्य कसे घटत जाते, हे मोजले असता त्या उताराचे तीन टप्पे करता येतात. त्यांची अर्धायुष्ये सुमारे ३.५, २७ आणि १४४ मिनिटे आहेत. गणिताने ते वेगळे केले असले तरी शरीरात ते एकाच वेळी चालू असतात, एकामागून एक नव्हे. शेवटचा टप्पा संथ असण्याचे कारण असे की, द्रव्याचा काही भाग रक्तद्रवातील प्रथिनांना बिलगतो आणि तेथून हळूहळूच सुटतो. दोन तासांनी रक्तात दिलेल्या मात्रेपैकी ४ ते १० टक्के आणि तीन तासांनी ३ ते ५ टक्के एवढेच उरते. हाडांच्या वाट्याला साधारण निम्मी मात्रा येते.

उरलेल्या निम्म्याचे धनी म्हणजे मूत्रपिंडे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही थोडा अधिक, मिनिटाला सुमारे १२०० मिलिलिटर, या मुठीएवढ्या दोन अवयवांकडे जातो. प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या आहेत. केशिकांच्या गुच्छातून रक्तद्रव तेथे गाळला जातो; मिनिटाला १२५ मिलिलिटर, दिवसाला १८० लिटर. त्यातील जवळजवळ सगळे पाणी, साखर आणि क्षार पुढच्या नलिका परत शोषून घेतात व दीड लिटर मूत्र उरते. एमडीपी या गाळणीतून सहज निसटते आणि नलिका ते परत घेत नाहीत. प्रथिनांना बिलगलेला भाग तेवढा मागे राहतो, कारण प्रथिने गाळणीतून जात नाहीत. मूत्रपिंडांतील किरणोत्साराची पातळी इंजेक्शननंतर साधारण २० मिनिटांनी कळसाला पोहोचते. रक्तात मोकळ्या असलेल्या द्रव्यापैकी पहिल्या तासात सुमारे ३२ टक्के, दोन तासांत ४७ टक्के आणि सहा तासांत ६० टक्के अशा प्रकारे गाळले जाते.

हाडातील संचय तासाभरात जवळपास पूर्णत्वास जातो, हे वर आलेच आहे. मग चित्र तेव्हाच का काढत नाहीत? कारण त्या वेळी स्नायूंत व रक्तातही द्रव्य भरपूर असते आणि हाडे धुक्यातल्या झाडांसारखी दिसतात. पुढच्या दोन तासांत हाडातील द्रव्य फारसे वाढत नाही. भोवतालचे कमी होते. उठाव येतो तो या कमी होण्याने. मूत्रपिंडांचे कार्य मंदावलेल्या रुग्णात म्हणूनच चार तासांनीही मांड्यांवर व दंडांवर करडी छटा राहते आणि चित्र आणखी उशिरा घ्यावे लागते. मात्र फार थांबूनही भागत नाही. चोवीस तासांत टेक्नेशियमची चार अर्धायुष्ये सरतात आणि सोळावा हिस्साच उरतो.

पाण्याविषयी एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. पाणी अधिक प्याल्याने एमडीपी गाळण्याचा वेग वाढत नाही. तो मूत्रपिंडांच्या स्वतःच्या क्षमतेवर ठरतो. पाण्याचा उपयोग पुढच्या मार्गावर होतो. गाळलेले द्रव्य मूत्रवाहिनीतून लवकर खाली येते, मूत्राशयात ते विरळ होते आणि वारंवार बाहेर टाकले जाते. मूत्राशयाच्या भिंतीला मिळणारी किरणमात्रा या तपासणीत अन्य बहुतेक अवयवांपेक्षा जास्त असते. ती यामुळे घटते. शिवाय भरलेले मूत्राशय चित्रात मोठ्या काळ्या गोळ्यासारखे येते आणि त्याच्या आड कटिराची हाडे झाकली जातात. फ्लुओराइडची गोष्ट निराळी आहे. ते गाळले गेल्यावर नलिकांतून काही अंशी परत रक्तात जाते. मूत्राचा प्रवाह जोरदार असल्यास हे परतणे कमी होते. तेथे पाणी खरोखरच उत्सर्जन वाढवते.

अनुभवी डॉक्टर अस्थिचित्र पाहताना मूत्रपिंडांकडे नजर टाकल्याशिवाय राहत नाहीत. पाठीकडून घेतलेल्या चित्रात शेवटच्या बरगड्यांपाशी दोन फिकट शेंगदाण्यासारख्या आकृत्या दिसल्या पाहिजेत, कण्यापेक्षा फिकट. एकच दिसली, तर दुसरे मूत्रपिंड जन्मतः नसेल, काढलेले असेल किंवा भलत्या जागी असेल. एक बाजू फुगून गडद झाली असेल, तर खाली कोठे तरी अडथळा आहे. हाडांसाठी आलेल्या माणसाच्या मूत्रमार्गातील असा दोष अवचित हाती लागणे ही या शाखेतली नवलाची गोष्ट नाही.

सर्वांत फसवे चित्र मात्र अतिशय सुंदर असते. हाडे एकसारखी ठळक, पार्श्वभूमी स्वच्छ, डाग एकही नाही. नवशिक्याला ते निर्दोष वाटते. जाणकार विचारतो, मूत्रपिंडे कोठे आहेत? ती दिसत नाहीत, कारण सगळ्या सांगाड्याने मिळून इतके द्रव्य ओढून घेतलेले असते की मूत्रपिंडांपर्यंत पोहोचायला फारसे उरलेलेच नसते. पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग सर्व हाडांत पसरलेला असणे, परावटू ग्रंथींची अतिक्रिया किंवा अस्थिमृदुता यांत असे घडते. याला सुपरस्कॅन म्हणतात. मूत्रपिंडे निकामी झाल्यानेही ती दिसेनाशी होतात. पण तेव्हा स्नायू करडे राहतात, त्यावरून फरक कळतो. याच हिशेबाचा उपयोग करून ग्लासगो येथे इग्नॅक फोगेलमन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये चोवीस तासांनी शरीरात किती द्रव्य उरते हे मोजून हाडांच्या चयापचयाचे विकार ओळखण्याची रीत मांडली होती. जे मूत्रातून गेले नाही ते हाडात आहे, इतका सरळ तो तर्क.

काही दोष शरीराचे नसतात, कामाचे असतात. कुपीत हवा गेल्याने एमडीपीशी न जुळलेले टेक्नेशियम हाडांकडे न जाता अवटू ग्रंथी, लालाग्रंथी आणि जठर यांत जमते. चित्रात गळ्यापाशी व पोटात डाग दिसला की चूक रुग्णात नसून तयारीत आहे, हे समजते. इंजेक्शन शिरेबाहेर गेल्यास कोपरापाशी मोठा डाग राहतो. आणि कपड्यावर पडलेला मूत्राचा एखादा थेंब मांडीच्या हाडावर नेमका बसला, तर कर्करोगाची शंका येण्याइतका तो हुबेहूब असतो. कपडा बदलून, त्वचा पुसून पुन्हा चित्र घेतले की तो नाहीसा होतो.

हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनाशमनासाठी मागद्रव्याच्या याच वाटेने बीटा किरण सोडणारी द्रव्येही धाडतात. समेरियम-१५३ हे फॉस्फोनेटाशी जोडलेले असते आणि उरलेले मूत्रावाटे जाते. रेडियम-२२३ मात्र अल्फा किरणांचे, कॅल्शियमच्या दाराने जाणारे आणि मुख्यतः आतड्यावाटे बाहेर पडणारे आहे.

आपल्याकडे या विद्येचे माहेर मुंबई. तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि देशात समस्थानिके बनू लागली. १९६३ मध्ये परळला विकिरण औषधी केंद्र सुरू झाले. पुढे १९८५ मध्ये आलेल्या ध्रुव अणुभट्टीतून मॉलिब्डेनम मिळू लागले. हे मॉलिब्डेनम तुलनेने सौम्य असल्यामुळे स्तंभाऐवजी मिथिल इथिल कीटोन या द्रावकाने टेक्नेशियम वेगळे काढण्याची पद्धत भारतात दीर्घकाळ चालली. वाशी येथील ब्रिट ही संस्था जनित्रे आणि एमडीपीच्या कुपी देशभर पाठवते. २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी बंद पडली, तेव्हा जगभर टेक्नेशियमचा दुष्काळ पडला होता. मोजक्याच अणुभट्ट्यांवर सगळ्यांनी विसंबून राहण्याचा धोका तेव्हा उघड झाला.

या तपासणीत सर्व शरीराला मिळणारी किरणमात्रा सुमारे ४ मिलिसिव्हर्ट असते. निसर्गतः जगातील माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतेच. गर्भवती व स्तनदा मातांनी तपासणीआधी तसे सांगणे आवश्यक आहे. त्या दिवसापुरते तान्ह्या बाळाला फार वेळ कुशीत घेऊन बसू नये, पाणी पीत राहावे, आणि शौचालयात पुरेसे पाणी टाकून हात स्वच्छ धुवावेत. टेक्नेशियम-९९एम विघटित झाल्यावर जे टेक्नेशियम-९९ उरते, त्याचे अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षांचे आहे, हे वाचून कोणी दचकेल. ७४० मेगाबेकरेलच्या मात्रेतून अशा प्रकारे उरणाऱ्या अणूंचा किरणोत्सार अडीच बेकरेलच्या आसपास भरतो, आणि त्यातलाही निम्मा मूत्रावाटे गेलेला असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात अन्नातून आलेल्या पोटॅशियमचा नैसर्गिक किरणोत्सार सदैव ४,००० बेकरेलच्या आसपास असतो.